आठवणीवर विसंबू नका

घरचा संगणक आता कुटुंबाचा दप्तरखाना झाला आहे. लग्नाचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रे, कर्जाची कागदपत्रे, सारे एका डिस्कमध्ये. ती कधी ना कधी बंद पडणारच. म्हणून दुसरी प्रत हवी, हे सर्वांना पटते. पण ‘सवडीने काढू’ म्हटले, की ती सवड कधी मिळत नाही. माझे सांगणे इतकेच, की हे काम आठवणीवर न सोडता यंत्रावर सोपवावे.

त्यासाठी राउटरला जोडलेली एक साठवणपेटी पुरते. तिला ‘नॅस’ म्हणतात. ठरल्या वेळी आपला संगणक तिच्याकडे आपोआप प्रत पाठवतो. त्या वेळी तो चालू मात्र हवा. पहिल्या प्रतीला वेळ लागतो. १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून २०० जीबी जायला साधारण साडेचार तास. पुढे फक्त बदललेल्या फायली जातात. विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ आणि अ‍ॅपलचे २००७ सालापासूनचे ‘टाइम मशीन’ हेच काम करतात.

पेटीत दोन डिस्क एकमेकींची हुबेहूब नक्कल ठेवतात, म्हणून निर्धास्त राहू नका. एक बिघडली तर दुसरी तारते, हे खरे. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभरातल्या संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असे खंडणीखोर प्रोग्रॅम जोडलेल्या पेटीपर्यंतही पोचू शकतात. म्हणून पेटीचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि मागच्या काही दिवसांच्या, काही महिन्यांच्या प्रतीही तिच्यात राखा.

आणखी एक. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअपची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नव्हती, हे तेव्हा कळले. काम वाचले ते तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सस्मन यांच्या घरच्या संगणकावर असलेल्या प्रतीमुळे.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक प्रत घराबाहेर, एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडे ठेवावी. आग लागली किंवा चोरी झाली, तर पेटीही संगणकाबरोबरच जाते. आणि दर महिन्याला एखादी फाइल पेटीतून परत काढून उघडून पाहावी. ती उघडली, तरच आपला बॅकअप आहे असे समजावे.