बिग फ्रेंडचा शनिवार

सकाळी ६

नळाला पाणी यायच्या आत उठलेलं बरं. पाणी भरून होईपर्यंत टीपॉय गॅलरीत जातो, सोफा भिंतीला सरकतो आणि घडीची टेबलं उघडली जातात. मीरा रोडच्या शांतीनगरमधल्या वन बीएचकेच्या हॉलला शनिवारी वर्ग व्हावंच लागतं. नवऱ्याला शनिवारीही ऑफिस असतं. बसायला जागा मिळावी म्हणून तो आधी उलटा भाईंदरला जातो आणि तिथून सुटणारी लोकल धरतो. माझी गर्दी घरी चालत येते, एवढं सुख.

टेबलांवर सतरा दांड्यांचे अबॅकस मांडते. मधोमध आडवी पट्टी, पट्टीच्या वर एक मणी, त्याची किंमत पाच. खाली चार मणी, प्रत्येकी एक. एका दांडीवर नऊपर्यंतचाच आकडा बसतो. पालकांना ही आपल्या लहानपणीची मण्यांची पाटी वाटते, पण तिच्या तारेवर दहा मणी असायचे आणि ते एकेक करून मोजावे लागायचे. इथे मोजणं नाहीच. वरचा एक आणि खालचे दोन पट्टीला टेकले की सात, बघताक्षणी. चीनची जी चौकट जपानात गेली तिला वर दोन आणि खाली पाच मणी असत. जपान्यांनी ते कमी करत नेले आणि आजचं एक-चारचं सोरोबान तिथे विसाव्या शतकात रुळलं. आकडा दाखवायला लागतात तेवढेच मणी त्यांनी ठेवले. मला जपान्यांचं हे फार पटतं.

सकाळी ८

पहिली बॅच पहिली-दुसरीतल्या पिल्लांची. यांना गणित शिकवायचं नसतं, बोटं शिकवायची असतात. खालचा मणी वर ढकलायचा तो अंगठ्याने, खाली आणायचा तो तर्जनीने, आणि वरच्या मण्याला दोन्ही वेळा तर्जनीच. पेन्सिल त्याच हातात आडवी धरायची, खाली ठेवायची नाही. पहिले काही शनिवार मी उत्तरं तपासतच नाही, नुसती बोटं बघते. तर्जनीचं काम अंगठ्याने करणारं मूल बरोबर उत्तर देतं, पण पुढे वेग आला की तिथेच अडखळतं. लागलेली सवय सोडवणं नवीन लावण्यापेक्षा कठीण.

"रेडी? टू प्लस वन, प्लस फाइव्ह, मायनस टू, दॅट्स इक्वल टू?"

आकडे इंग्रजीत सांगते. कारण या टेबलांभोवती मराठी, गुजराती, मारवाडी, मल्याळम आणि भोजपुरी घरातली मुलं बसलेली असतात. पण तेवढंच कारण नाही. मण्यांवर दशक आधी मांडायचा, एकक नंतर. ट्वेंटी-सेव्हन म्हटलं की डावीकडे दोन, उजवीकडे सात, हात कानापाठोपाठ सरळ जातो. सत्तावीस म्हटलं की कानावर आधी सात येतो आणि हाताला थांबावं लागतं. एकोणतीसला तर मूल माझ्याकडेच बघत राहतं. जपानी माणूस 'दोन-दहा-नऊ' असंच म्हणतो, त्याला हा प्रश्न पडत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे उत्तरं देत होत्या. भाषेच्या अंगाने मला 'सत्तावीस' सोडवत नाही. पण दर शनिवारी सहा वर्षांच्या पोराची बोटं अधांतरी थांबलेली बघितली की बाईंचा मुद्दा कळतो.

सकाळी १०

दारात पालक. चपलांचा ढीग, एक स्कूटर आडवी लावलेली, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची त्यावरून ओरड. या गडबडीत दर वेळी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, इससे ब्रेन डेव्हलप होता है ना?"

हा प्रश्न त्यांच्या मनात आला कुठून, तर क्लासच्या जाहिरातींतून. एकाग्रता वाढते, स्मरणशक्ती वाढते, मेंदूच्या दोन्ही बाजू जाग्या होतात, असं त्या पत्रकांवर सर्रास छापलेलं असतं. मी वडोदऱ्याची गोष्ट सांगते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिड बार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका शाळेत तीन वर्षं प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने मुलांचे दोन गट पाडले. एका गटाला मनातला अबॅकस शिकवला, दुसऱ्याला तेवढाच वेळ नेहमीचं जादा गणित. निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. अबॅकसची मुलं आकडेमोडीत पुढे गेली. लक्ष, स्मरणशक्ती अशा सर्वसाधारण क्षमतांत मात्र फरक पडल्याचं दिसलं नाही. शिवाय, डोळ्यासमोर चित्र धरून ठेवण्याची ताकद ज्यांच्यात मुळातच बरी होती, त्यांनाच फायदा जास्त झाला.

हे ऐकून एखादी आई जरा खट्टू होते. मी म्हणते, आकडेमोड पक्की होणं ही काय लहान गोष्ट आहे? चौथीतल्या पोराला भागाकाराची धडकी भरत नसेल, तर घरातली निम्मी रडारड संपते. फी त्यासाठी द्या. ब्रेनचं काय ते ब्रेन बघून घेईल.

सकाळी १०.३०

आठवड्यातली सगळ्यात अवघड बॅच. या मुलांना स्मॉल फ्रेंड येतो, म्हणजे पाचाची जोडी: चार मिळवायचे आहेत आणि खाली मणी नाहीत, तर वरचे पाच घ्या, खालचा एक सोडा. बिग फ्रेंडही येतो, म्हणजे दहाची जोडी: नऊ मिळवायचे तर एक काढा, शेजारच्या दांडीवर एक द्या. आज दोन्ही एकदम आहेत.

सात अधिक सहा. चौकटीवर सात आहेत, वर एक, खाली दोन. सहा मिळवायला जागा नाही. सहाचा बिग फ्रेंड चार, म्हणून चार काढायचे आणि दहा द्यायचे. पण खाली दोनच मणी, चार काढणार कसे? मग चाराच्या स्मॉल फ्रेंडला बोलवायचं: एक वर ढकला, पाचाचा मणी सोडा. उरले तीन. आता डावीकडे एक. तेरा.

वाचताना तुमचीही दमछाक झाली असेल. आठ वर्षांच्या मुलाला यातलं प्रत्येक पाऊल येतं, फक्त ती एकामागून एक लावता येत नाहीत. आणि गंमत म्हणजे सात अधिक सहा तेरा हे त्याला ठाऊकच असतं! उत्तर माहीत असूनही ते या लांबच्या वाटेने का काढायचं, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. इथेच रडू येतं, इथेच 'पोट दुखतंय' सुरू होतं, आणि सगळ्यात जास्त मुलं क्लास सोडतात तीही इथेच. मी घाई करत नाही. एकच फॉर्म्युला अख्खी बॅच, पुन्हा पुन्हा, हळू. कधीतरी बोटं आपोआप वळतात आणि मूल आपल्याच हाताकडे आश्चर्याने बघतं. त्याला ती पावलं बोलून दाखवायला सांगितली तर येत नाहीत. तेच हवं असतं.

या बॅचमध्ये भाईंदरच्या एका भांड्यांच्या दुकानदाराचा मुलगा आहे. गल्ल्यावर बसून बसून त्याचा हिशोब तोंडावर असतो. अडोतीस आणि सत्तेचाळीस म्हटलं की तो दोन इकडून उचलतो, तिकडे टाकतो, चाळीस आणि पंचेचाळीस, पंच्याऐंशी. मणी हलायच्या आत उत्तर. अबॅकसने तो मंद होतो, हे मला दिसतं. त्याच्या वडिलांना मी सांगून टाकलं की याला अबॅकसची गरज नाही. ते म्हणाले, "बिल्डिंगचे सगळे जातात, याला पण राहू द्या." आहे अजून. वर्गात मणी, दुकानात स्वतःची रीत, असा आमचा समझोता.

परवा त्यानेच विचारलं, मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर असताना हे कशाला? मग १९४६ ची टोकियोतली गोष्ट सांगितली. महायुद्ध नुकतंच संपलेलं, अमेरिकन सैन्य जपानात. सैनिकांच्या वर्तमानपत्राने सामना लावला: एकीकडे विजेवर चालणारं हिशोबाचं यंत्र घेऊन थॉमस वुड हा अमेरिकन सैनिक, दुसरीकडे सोरोबान घेऊन कियोशी मात्सुझाकी. बेरीज, वजाबाकी, भागाकार आणि मिश्र गणितं मात्सुझाकींनी मारली, यंत्राच्या वाट्याला फक्त गुणाकार आला. ४-१. वर्गात टाळ्या पडल्या. पण त्या दुकानदाराच्या पोराने लगेच विचारलं, "आणि आज लावली मॅच तर?" आज मोबाईल जिंकेल, मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

दुपारी १

वरण-भात, आणि मग शीट तपासणं. चुकांवरून मूल ओळखता येतं. उत्तर बरोब्बर पाचाने चुकलं की वरचा मणी सोडायचा राहिला, दहाने चुकलं की शेजारच्या दांडीवर द्यायचं राहिलं. मी लाल फुली मारत नाही, बाजूला नुसतं ५ किंवा १० लिहिते. मुलांना तेवढं पुरतं. एखादं उत्तर भलत्याच आकड्याने चुकलेलं असेल तर मुलाचं लक्ष नव्हतं, किंवा घरी शीट आईने भरली.

दुपारी ४

मोठी मुलं. यांच्या टेबलावर अबॅकस नाही.

बाहेरच्या माणसाला हे दृश्य विचित्र वाटतं. दहा-बारा मुलं रिकाम्या टेबलावर बोटं नाचवतायत, कोणाचे डोळे मिटलेले, कोणी पंख्याकडे बघतंय, आणि मी आकडे सांगतेय. ती न दिसणारे मणी हलवत असतात. चौकट काढून घेतल्यावरही बोटं थांबत नाहीत, आणि मी थांबवतही नाही. हात बांधून बसा म्हटलं तर बऱ्याच जणांचं चित्र विस्कटतं.

दोन आकडी संख्या बहुतेकांना जमतात, तीन आकडी काहींना, चारच्या पुढे क्वचित. पूर्वी मला वाटायचं शिकवण्यात काही कमी पडतंय. मग बार्नर आणि मायकेल फ्रँक यांचं आणखी एक काम वाचनात आलं, तेही गुजरातेतल्या अबॅकसच्या मुलांवरचं. मनातल्या चौकटीच्या तीन-चार दांड्याच एका वेळी नीट धरता येतात, असं त्यांना दिसलं, आणि माणसाची नजर एका वेळी साधारण तेवढ्याच गोष्टी धरू शकते. त्याच मुलांना गणित करता करता मोठ्याने बोलायला लावलं, तरी फारसं बिघडलं नाही. तुम्हीआम्ही मनात पुटपुटत हिशोब करतो, बोलायला लावलं की गडबडतो. ही मुलं आकडा बघत असतात.

या टप्प्याला महिनोन्महिने लागतात आणि घरी दाखवण्यासारखं त्यात काही नसतं. उलट वेग घसरतो. चौकटीवर भराभर करणारं मूल मनात करायला लागलं की पुन्हा दोन अधिक एकवर येतं. पालकांचा फोन ठरलेला: "ताई, मागे गेला हो तो." मागे नाही गेला, मणी काढून घेतलेत त्याचे. खरं काम आत्ता सुरू झालंय.

संध्याकाळी ६

स्पर्धेची तयारी. आठ मिनिटांत दोनशे गणितं हा या क्षेत्रातला ओळखीचा नमुना. मी घड्याळ लावते आणि खोलीत फक्त पेन्सिली ऐकू येतात. पालकांच्या मोबाईलवर सुरतच्या प्रियांशी सोमाणीचा व्हिडिओ असतो. ती अबॅकसच्या वर्गातून पुढे गेली आणि २०१० मध्ये अकराव्या वर्षी जर्मनीत मनातल्या गणिताचा विश्वचषक जिंकली. हल्ली नाशिकच्या आर्यन शुक्लचाही असतो. तोच विश्वचषक त्याने २०२२ मध्ये जिंकला, आणि २०२५ मध्ये दुबईत एका दिवसात सहा गिनेस विक्रम केले. अशी मुलं बघून हुरूप यावा, इथपर्यंत ठीक. पण आपल्या दुसऱ्या लेव्हलच्या पोराला शेजारी बसवून तो व्हिडिओ दाखवू नये. तो बघतो, आणि पुढच्या शनिवारी त्याचं पोट दुखतं.

सहभागी झालेल्या प्रत्येकाला ट्रॉफी, हा प्रकार मला आवडत नाही. मुलांना आवडतो, म्हणून गप्प बसते.

घड्याळ बंद केल्यावर मी फळ्यावर एकच शाब्दिक उदाहरण लिहिते. गाडीत ४८ माणसं होती, दहिसरला १९ उतरली, मीरा रोडला ७ चढली, आता किती? आठ मिनिटांत दोनशे गणितं करणाऱ्यांपैकी दोघं-तिघं तरी विचारतात, "मॅम, प्लस करायचं की मायनस?" हे मणी सांगत नाहीत. ते शाळेत, घरात, बाजारात शिकायचं, आणि त्याला लेव्हल नसते.

रात्री ९

सोफा जागेवर. व्हॉट्सअ‍ॅपवर उद्याच्या सरावाची पानं पाठवली. सराव रोज पंधरा मिनिटं सांगते. आठवडाभर काही न करता शुक्रवारी रात्री दोन तास बसवणारी घरं मला शीटवरून कळतात. शेवटच्या ओळींतलं अक्षर सांगतं.

तुमच्या मुलाला अबॅकसला घालायचा विचार असेल, तर एक विनंती. डेमोला तुमच्यासमोर उभं करतील ते शेवटच्या लेव्हलचं, पाच सेकंदांत उत्तर देणारं मूल. त्याचं कौतुक करा, आणि मग क्लासवाल्यांना म्हणा, आम्हाला सात अधिक सहा शिकणारी बॅच अर्धा तास बघू द्या. नाही म्हणाले तर दुसरा क्लास शोधा.