नाट्यगृहाची मोजणी

खासबागेच्या कुस्ती मैदानाला खेटून जी दगडी नाट्यवास्तू करवीरनगरीत, म्हणजे कोल्हापुरात, शतकाहून अधिक काळ उभी आहे, तिच्या जन्माची कथा रोमपर्यंत जाऊन पोहोचते. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त 1902 साली विलायतेस गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी रोममधील प्राचीन प्रेक्षागार पाहिले, आणि मल्लविद्या व नाट्यकला या आपल्या दोन्ही आवडींस तशीच प्रशस्त जागा आपल्या संस्थानात असावी, असे त्यांच्या मनाने घेतले. आधी मैदान झाले. मग 1913 च्या ऑक्टोबरात शेजारीच ‘पॅलेस थिएटर’चे काम सुरू होऊन 1915 च्या ऑक्टोबरात ते पुरे झाले. तालमीची माती आणि रंगभूमीचा पडदा यांना एकमेकांचा शेजार देण्याची कल्पना शाहू महाराजांनाच सुचावी!

प्रेक्षागृहात दृष्टीच्या आड येणारा एकही खांब नाही, आणि आवाज घुमावा म्हणून रंगमंचाखाली पोकळी राखलेली. ध्वनिवर्धकाचे नाव नसलेल्या त्या काळात गवई नटाची तान शेवटच्या रांगेतील चार आण्यांच्या गिऱ्हाइकालाही स्पष्ट ऐकू जावी, हाच या बांधणीचा हेतू होता. पुढे 1957 साली या वास्तूला केशवराव भोसल्यांचे नाव देण्यात आले. ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीचा संस्थापक असलेला हा कोल्हापूरचा गायक नट 1921 च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ गाजवून त्याच वर्षी ऑक्टोबरात, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, निवर्तला.

त्याच्या जयंतीच्या आदल्या रात्री, 8 ऑगस्ट 2024 रोजी, नाट्यगृहास आग लागली. छप्पर कोसळले, रंगमंच व आसने भस्मसात झाली. दगडी भिंती मात्र तगल्या. पूर्ववत बांधा, अशी मागणी तत्काळ उठली आणि ती रास्तच होती. परंतु ‘पूर्ववत’ म्हणजे नेमके किती हात, किती बोटे, याचा दाखला कोठल्या दप्तरात पाहावा, हा प्रश्न कोणत्याही जळालेल्या वास्तूपुढे उभा राहतोच.

शंकुसाखळीच्या मोजणीवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना नवल वाटावे अशी एक पैमाश आता उपलब्ध आहे. तिपाईवर बसवलेले यंत्र चोहोबाजूंस लेसरचे किरण फेकते, भिंतीवरून परतलेल्या किरणावरून अंतर ठरवते, आणि एका सेकंदात लक्षावधी बिंदू टिपत काही मिलिमीटरांच्या अचूकतेने वास्तूची त्रिमित आकृती संगणकात उभी करते. यंत्राची नजर पोहोचत नाही तेथे ड्रोनने घेतलेली छायाचित्रे जोडतात. भिंत किती कलली, कमान कोठे दबली, तडा कितपत गेला, हे सारे त्या बिंदूंच्या ढगात दिसते. दगडाच्या पोटातील चुना मात्र दिसत नाही. त्यासाठी जुना गवंडीच हवा.

या पैमाशीचे मोल पॅरिसने जाणले. अँड्र्यू टॅलन नावाच्या कलेतिहासाच्या प्राध्यापकाने 2010 साली नोत्र दाम या महामंदिराची अशी मोजणी करून एक अब्जाहून अधिक बिंदू टिपून ठेवले होते. तो 2018 च्या नोव्हेंबरात वारला. 15 एप्रिल 2019 रोजी मंदिराचे छत जळाले, आणि पुनर्बांधणी करणाऱ्यांच्या हाती जी साधने होती, त्यांत त्याची ही मोजणी होती. डिसेंबर 2024 मध्ये मंदिराचे दरवाजे पुन्हा उघडले. शिवाय ध्वनिशास्त्रज्ञांनी 2013 साली तेथील नादाचेही मापन करून ठेवले होते, ही गोष्ट मला कोल्हापूरच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची वाटते.

कारण मंदिराचे वैभव डोळ्यांनी पाहायचे, नाट्यगृहाचे कानांनी. छताची उंची, जमिनीचा उतार, लाकडाचे आच्छादन, खुर्च्यांवरचे कापड, यांतील एकेक बदलाने नाद बदलतो. आणि अग्निरोधक साहित्य, वातानुकूलन यांसारख्या आजच्या गरजा तर टाळता येण्याजोग्या नाहीत. त्रिमित आकृती हाती असली, तर छप्पर चढण्यापूर्वीच संगणकात आवाज सोडून तो कोठे घुमतो, कोठे विरतो, हे पडताळता येते. तरीही ठेकेदाराचे अखेरचे देयक मंजूर करण्यापूर्वी एखाद्या जाणत्या गायकास ध्वनिवर्धकाविना रंगमंचावर उभे करावे, आणि संबंधित अभियंत्यांनी शेवटच्या रांगेत बसून एक नाट्यपद अथपासून इतिपर्यंत ऐकावे, अशी अट निविदेतच घालावयास हरकत नसावी.