बंड्या घोरत नव्हता!

गेल्या मे महिन्यात मावशीकडे चाकूरला गेले होते. टळटळीत दुपार, लातूर-नांदेड रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि कूलरसमोर बंड्या मस्त घोरतोय. बंड्या म्हणजे मावसभावाचा पग. "लेकरागत घोरतंय बघ," मावशी कौतुकानं म्हणाली. मी लगेच मोबाइलवर व्हिडिओ काढला. सो क्यूट!

तासाभरात लाइट गेली. थोड्या वेळानं बघतो तर बंड्याची जीभ जांभळी, तोंडाला फेस, पाय लटपटलेले. टाकीतलं पाणी उन्हानं तापलेलं, म्हणून भावानं रांजणातलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते. डॉक्टरांनीही फोनवर तेच सांगितलं : आधी गार करा, मग आणा. गाडीचा एसी फुल्ल करून लातूर गाठलं. वाचला.

डॉक्टरांना मी तो व्हिडिओ दाखवला. त्यांना हसू आलं नाही. "जागेपणीही असाच आवाज येतो ना? याला श्वास पुरत नाहीये."

फंडा असा आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांचं तोंड माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून चपटं केलं. हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. नाकपुड्या चिरेएवढ्या, आणि लांबलेली मऊ टाळू श्वासाच्या वाटेत. उकाड्यात धाप वाढते, धापेनं घसा सुजतो, सुजेनं हवा आणखी कमी. ऑपरेशननं नाकपुड्या रुंद करता येतात, टाळू कापून आखूड करता येते. त्रास कमी होतो, पण तोंड चपटं ते चपटंच.

आपल्याकडे हे वेड घरोघरी नेलं ते २००३च्या 'हच'च्या जाहिरातीनं. मुलामागे तुरुतुरु धावणारा तो पग आठवतोय ना? नेदरलँड्सनं २०१९ पासून अगदी आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या ब्रीडिंगवर कडक नियम लावले : नाक कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांश तरी हवं. आपला कारवानी बघा, लांब नाक, सडपातळ अंग, उन्हातान्हात ससा पकडणारा. पण तो सेल्फीत तितका 'क्यूट' दिसत नाही, काय करणार!

खरं सांगायचं तर पुण्यात मीही एका फ्रेंच बुलडॉगच्या पिल्लासाठी टोकन देऊन बसले होते. परतल्यावर कॅन्सल केलं. पैसे बुडाले.

बंड्याचं वजन आता उतरवलंय, पट्ट्याऐवजी हार्नेस आलाय, फिरणं पहाटे पाचला. ऑपरेशन हिवाळ्यात करायचं ठरलंय. भावानं इन्व्हर्टर बसवला, आणि कूलरसमोरची जागा बंड्याच्या नावावर झाली. काका दुपारचे ओसरीवर झोपतात.