आगगाडीची चित्रं, काडेपेटीचे डबे आणि बाटलीच्या झाकणांची चाकं : लहान मुलांना काय द्यावं, काय देऊ नये?

घरात दोन-अडीच वर्षांचं मूल असेल तर हा अनुभव नवा नाही. फाटकाजवळ रिक्षा थांबली की मोठी माणसं घड्याळाकडे बघतात आणि पोर मात्र आनंदाने ओरडतं, "गाडी आली!" मालगाडी असेल तर सोहळाच. डबे संपतच नाहीत. मग घरी येऊन चमचे, चपला, टीव्हीचा रिमोट असं जे हाताला लागेल ते एकामागे एक लावून गाडी तयार होते.

बरेच आईबाबा मग मोबाईल उघडतात आणि आगगाडीची रंगवायची चित्रं शोधतात. चित्रं ढिगाने मिळतात, सोबत "पाच मिनिटांत बनवा रेल्वे" असे व्हिडिओही मिळतात. पण त्यातलं सगळंच लहान मुलांच्या हाती देण्यासारखं नसतं. एक गोष्ट तर बऱ्यापैकी धोक्याची असते. त्याबद्दल पुढे येईलच. आधी हे वेड येतं कुठून, ते पाहू.

हे वेड किती मुलांना असतं?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ ज्युडी डिलोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी १७७ पालकांकडून माहिती घेतली. जवळपास एक तृतीयांश मुलांमध्ये एखाद्याच विषयाची अतिशय तीव्र ओढ दिसली आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त होतं. ही सर्वसामान्य वाढ असणारी मुलं होती, हे महत्त्वाचं. म्हणजे "आमचं पोर दिवसभर गाडी-गाडीच करतं" एवढ्यावरून काळजी करायचं कारण नाही.

आगगाडीच का, याचं एकच उत्तर देता येत नाही. पण मुलांच्या नजरेने पाहिलं तर गाडीत बरंच काही आहे. ती मोठी आहे, आवाज करते, तरीही रुळावरूनच जाते. पुढे इंजिन, मागे डबे हा क्रम बदलत नाही. ज्याला अजून जगातलं फारसं काही कळत नाही, त्याला पुढे काय येणार हे आधीच ठाऊक असण्याची मजा वेगळीच असते. आणि आपल्याकडे गदिमांच्या बालगीतातली मामाच्या गावाला निघालेली आगीनगाडी कानावर पडतच मुलं मोठी होतात.

रंगवायची चित्रं चांगली की वाईट?

हा वाद जुना आहे. मूळचे ऑस्ट्रियाचे आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले कलाशिक्षक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात छापील चित्रं रंगवण्याला कडक विरोध केला होता. त्यांनी पक्ष्याचं उदाहरण दिलं. मूल आपल्या मनाने एक पक्षी काढतं. मग त्याला छापील पक्षी रंगवायला दिले जातात. त्यानंतर ते जो पक्षी काढतं तो पुस्तकातल्यासारखा असतो, त्याचा स्वतःचा नसतो.

उलट बाजूही आहे. ठरावीक जागेत रंग भरताना हातावर ताबा येतो, मूल एका जागी बसतं, रंगांची नावं कळतात. बालवाडीच्या शिक्षिकांना विचारलं तर त्या हेच सांगतील. शिवाय स्वयंपाक आटपायला वीस मिनिटं मिळतात, हा फायदा कमी लेखू नये!

मग मधला रस्ता सोपा आहे. पूर्ण छापलेली गाडी देण्याऐवजी अर्धी द्या. कागदावर फक्त इंजिन काढून ठेवा, मागचे डबे मुलाला काढू दे. किंवा नुसते रूळ काढा. डब्याच्या खिडक्या रिकाम्या ठेवा आणि विचारा, "खिडकीत कोण बसलंय?" कुणी आजी काढेल, कुणी मांजर. तीन वर्षांच्या मुलाने काढलेली आजी म्हणजे एक वेडावाकडा गोल आणि दोन रेघा असतील, पण ती त्याची आजी असते.

वयाकडे बघा

दीड-दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि खांद्यापासून हात हलवतं. त्याला बारीक रेघांचं चित्र देऊन "रेषेबाहेर जाऊ नकोस" म्हणणं निरर्थक आहे. त्याला मोठा कागद हवा, जाड खडू हवा. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू उत्तम. गाडीचं चित्र काढायचंच तर एक मोठा चौकोन आणि खाली दोन चाकं, बस्स. साधारण तिसऱ्या वर्षी मुलं पाहून गोल काढू लागतात, म्हणजे चाकं त्यांची त्यांनाच जमतात. चौकोन त्यानंतर, चार-पाच वर्षांच्या आसपास येतो. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला डबे तुम्ही काढून द्यायचे आणि चाकं त्याने काढायची. गाडीचं चित्र या वयाला इतकं जमून येतं ते यामुळेच.

आणखी एक गंमत. इंटरनेटवरची बहुतेक चित्रं धुराडं असलेल्या वाफेच्या इंजिनाची असतात. डोंबिवलीच्या किंवा चिंचवडच्या मुलाने धुराचं इंजिन पाहिलेलंच नसतं. त्याने लोकल पाहिलेली असते. सपाट तोंड, मोठी काच, वर विजेच्या तारेला टेकलेला दांडा. हे चित्र कुणालाही हाताने काढता येतं आणि ते मुलाला लगेच ओळखू येतं. पांढरी-निळी वंदे भारत, नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी (ती १९०७ पासून धावते), १ जून १९३० ला सुरू झालेली दख्खनची राणी, अशी आपल्याकडची यादी काही कमी नाही. भारतीय रेल्वेचा भोलू हत्तीही आहे. रेल्वेला १५० वर्षं होत असताना, १६ एप्रिल २००२ रोजी तो लोकांसमोर आला. गार्डचा वेश आणि हातात हिरवा दिवा. रंगवायला याच्याइतकं छान चित्र शोधून सापडणार नाही, पण आजच्या किती मुलांना तो माहीत आहे?

घरातल्या सामानातून गाडी

काडेपेट्यांची आगगाडी मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या बनते आहे. ती अजूनही सर्वात चांगली. फक्त दोन गोष्टी पाहायच्या. एकही काडी आत राहू द्यायची नाही आणि काडी घासायची तपकिरी पट्टी कागद चिकटवून पूर्ण झाकायची. त्या पट्टीत लाल फॉस्फरस असतो आणि या वयाची मुलं हातातली वस्तू हमखास तोंडात घालतात. फार लहान मूल असेल तर काडेपेटी सोडाच, टूथपेस्टचे किंवा चहाचे रिकामे खोके घ्या. ते मोठे असतात आणि आत बाहुलीही बसते. डबे एकमेकांना जोडायला सुतळीचे छोटे तुकडे पुरतात. गाडी ओढायला लांब दोरी लावली तर खेळ संपल्यावर ती उचलून ठेवा, गळ्याभोवती अडकू शकते. स्टेपलरची पिन नको. चिकटवायला मैद्याची खळ करा. पाण्यात मैदा कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळायचं आणि थंड करायचं. मूल बोटांनीच खळ फासतं, तोच त्याचा अर्धा खेळ.

बटाट्याचे ठसेही झकास. अर्धा कापलेला बटाटा रंगात बुडवला की चाक तयार. चौकोनी कापला की डबा. बोटाचे ठसे एकापुढे एक उमटवले की धूर! आणि काहीच करायचा कंटाळा आला असेल तर फरशीवर खडूने दोन समांतर रेघा काढा. घरभर रूळ. सोफा म्हणजे ठाणे, फ्रिज म्हणजे कल्याण.

आता त्या झाकणांबद्दल

समाजमाध्यमांवरच्या असंख्य व्हिडिओंत गाडीची चाकं म्हणून पाण्याच्या बाटलीची झाकणं, शर्टाची बटणं किंवा मणी चिकटवलेले दिसतात. दिसायला सुंदर. पण तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जगभर एक साधी चाचणी वापरतात. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका आखूड नळकांड्यात वस्तू पूर्ण मावली, तर ती घशात अडकू शकते असं धरलं जातं. बाटलीचं साधं झाकण साधारण ३० मिलिमीटरचं असतं, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा (ते २७ मिलिमीटरचं) किंचितच मोठं. ते त्या नळकांड्यात आरामात मावतं. बटणाचं तर बोलायलाच नको. "चांगलं चिकटवलंय" हे उत्तर पुरेसं नाही, कारण दोन वर्षांच्या मुलाचं मुख्य काम चिकटवलेलं उपटणं हेच असतं.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून बाजारातल्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. घरी बनवलेल्या गाडीला मात्र कुणीच तपासत नाही. ते काम आईबाबांनाच करावं लागतं. टिश्यू पेपर संपला की उरणारी पुठ्ठ्याची नळी ठेवून द्या. ती त्या नळकांड्यापेक्षा थोडी रुंद असते, म्हणजे चाचणी जास्तच कडक होते. जी वस्तू तिच्यातून आरपार जाते, ती तीनच्या आतल्या मुलाच्या हाती नको. थर्मोकोलचे तुकडे आणि गोल चपट्या बॅटऱ्या तर घरात उघड्यावरच नकोत.

चाकं हवीत ना? जाड पुठ्ठ्यावर बांगडी ठेवून गोल आखा आणि कापा. मोठ्या माणसाच्या हातातली बांगडी त्या नळीत जात नाही. पुठ्ठा ओला होऊन लगदा होतो, म्हणून शेजारी बसा. आणि तरीही काही घशात अडकलंच, मुलाला खोकता किंवा रडता येत नसेल, तर तोंडात अंदाजाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे पाठीवर जोरात थापा मारा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा.

मोबाईलवरची गाडी चालेल का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासापेक्षा जास्त नको. त्यामुळे बोटाने दाबलं की आपोआप रंग भरणारी ॲप्स कागद-खडूची जागा घेऊ शकत नाहीत. तिथे मनगट वळत नाही, खडू तुटत नाही, दाब कमी-जास्त करावा लागत नाही.

जगातलं सर्वात प्रसिद्ध खेळण्यातलं इंजिन कसं जन्मलं, ते या संदर्भात आठवण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये विल्बर्ट ऑड्री या धर्मगुरूंचा मुलगा ख्रिस्तोफर गोवराने आजारी पडला. वडिलांनी त्याला इंजिनांच्या गोष्टी सांगितल्या, त्यांचं पहिलं पुस्तक १९४५ मध्ये आलं. मुलाला खेळायला इंजिनही हवं होतं. युद्धात सामानाची टंचाई. ऑड्रींनी लाकडाचं एक छोटं इंजिन बनवलं. त्याचं नाव थॉमस.