सायबेरियाच्या वाघिणीला टिपेश्वर पुरेल का?

पोट्टेहो, आपल्या पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य साधारण 148 चौरस किलोमीटरचं. तेवढ्याशा सागवानी रानात कितीतरी वाघ राहतात, पिल्लं वाढवतात. आणि रशियाच्या पार पूर्वेला, सिखोते-अलिनच्या डोंगरांत, एकट्या वाघिणीला सुमारे 400 चौरस किलोमीटर रान लागतं. म्हणजे अख्खं टिपेश्वर दिलं तरी तिची उपासमारच!

ती काही हावरट नाही. जात तीच, आपल्याच वाघाची. फक्त हिवाळ्यात केस लांब आणि फिकट होतात, पोटाखाली चरबीचा जाड थर साठतो. खरा फरक आहे रानात, तो झाडापासून समजून घ्या.

उन्हाळ्यात आपला साग काय करतो? जमीन कोरडी पडली की पानं टाकून देतो, कारण तेवढ्या मोठ्या पानांतून पाणी उडून जातं. तिकडे पाण्याची ओढ असते ती हिवाळ्यात. पारा शून्याखाली तीस अंश जातो, जमिनीतलं पाणी गोठतं, मुळांना घोटभर मिळत नाही. तिथले पाइन आणि स्प्रूस पानं टाकत नाहीत; त्यांची पानंच सुईसारखी, वरून मेणाचा लेप. पाणी उडत नाही, बर्फही फार साचत नाही. साग आणि पाइन दोघांनाही पाणीच वाचवायचं आहे, पण युक्त्या बघा किती वेगळ्या! मला याचं नवल अजून वाटतं.

पण ती राळेनं भरलेली टणक पानं खाणार कोण? आपल्या चितळांसारखे मोठमोठे कळप तिथे पोसलेच जात नाहीत. आधार आहे तो कोरियन पाइनच्या शंकूंतल्या बियांचा. रानडुकरं त्या खाऊन माजतात. नटक्रॅकर नावाचा पक्षी हिवाळ्यासाठी त्या जमिनीत पुरून ठेवतो. काही तशाच राहून जातात आणि तिथे नवं झाड उगवतं. ज्या वर्षी बिया कमी, त्या वर्षी डुकरं उपाशी, मग वाघही उपाशी. म्हणून वाघीण बर्फातून मैलोन्‌मैल हिंडते. अस्वलही मारते, पोट भरायचं तर!

चालण्यात आपला वाघही मागे नाही. रानात वाघ दाटले की तरण्या नराला स्वतःची जागा शोधावीच लागते. टिपेश्वरचा असाच एक जेमतेम तीन वर्षांचा नर जून 2019 मध्ये निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळली. दिवसा नाल्याकाठच्या झुडपांत पडून राहायचा, रात्री शेतांमधून चालायचा. विदर्भ, मराठवाडा, मध्येच तेलंगण! डिसेंबरपर्यंत 1300 किलोमीटरहून जास्त चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथे रोही होते, रानडुकरं होती, वाटेल तेवढी जागा होती. वाघीण मात्र एकही नव्हती.