दशावतार : एका हेवी मेटल ध्वनिमुद्रिकेविषयी

'हेवी मेटल' म्हटले की आपल्याकडील सुसंस्कृत माणसाच्या कपाळाला आठी पडते. केस वाढवलेली, काळे सदरे घातलेली पोरे, कानठळ्या बसवणारा गोंगाट आणि त्यात कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडतो आहे, यापलीकडे या संगीताची ओळख करून घ्यावी असे सहसा कोणाला वाटत नाही. पाश्चात्त्यांचे वेड, एवढे म्हटले की विषय संपतो. परंतु 'डेमॉनिक रिसरेक्शन' या मुंबईच्या बँडने २०१७ साली काढलेल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'दशावतार' आहे, आणि तिच्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गीते आहेत, हे कळल्यावर तरी तो विषय पुन्हा उघडावा लागतो. (बँड म्हणजे वरातीपुढचा, ही आमच्या मंगळवार पेठेतील समजूत वाचकांनी या लेखापुरती बाजूला ठेवावी.)

आधी थोडे या संगीताच्या कुळाविषयी. त्याचा जन्म कोणा रिकामटेकड्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात झालेला नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे गाव. तेथे पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयॉमी या तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, गिटारला हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या ढिल्या करून सूर खाली उतरवला. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९७० मध्ये निघाली. तिचे बहुतेक मुद्रण एका दिवसात उरकले होते. समीक्षकांनी तिची यथेच्छ टवाळी केली, लोकांनी मात्र ती विकत घेतली. तो खाली उतरलेला जड सूर आज या संगीताची खूण मानला जातो. उद्यमनगरातील लेथचा आवाज ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकराला या जन्मकथेत परके काही वाटू नये.

मुंबईत हे संगीत रुजले ते बरेचसे धोबीतलावच्या रंगभवनात. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला आणि महाविद्यालयीन पोरे तेथे गर्दी करू लागली. पुढे आवाजाच्या नियमांमुळे रंगभवन या मैफलींना पारखे झाले. २००० साली साहिल मखिजा या तरुणाने 'डेमॉनिक रिसरेक्शन' सुरू केला. मेटल वाजवणारे थोडे, ऐकणारे त्याहून थोडे, आणि छापणारी कंपनी तर कोणीच नाही. मखिजाने 'डेमनस्टीलर रेकॉर्ड्स' ही कंपनी स्वतःच काढली आणि तिच्यातून आपल्याबरोबर इतरांच्याही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या. हाच गृहस्थ पुढे यूट्यूबवर स्वयंपाक शिकवू लागला आणि त्याच्या पाककृतींना गाण्यांपेक्षा मोठा श्रोतृवर्ग लाभला. आपल्या देशात गुरगुरण्यावर पोट भरत नाही, एवढाच याचा अर्थ.

बँडच्या २००५ ते २०१० या काळातील ध्वनिमुद्रिकांच्या नावांत 'डार्कनेस' हा शब्द पुनःपुन्हा येतो. दैत्य, अंधार, विनाश हा या संगीताचा ठरलेला, आणि स्पष्टच सांगायचे तर उसना, मालमसाला. २०१० ची 'द रिटर्न टू डार्कनेस' ब्रिटनच्या कँडललाइट या कंपनीने तिकडे प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी 'मेटल हॅमर' या ब्रिटिश मासिकाने जगभरातील मेटलसाठी असलेला आपला पुरस्कार या बँडला दिला. मायदेशी ही बातमी फारशी कोणाच्या कानी पडली नाही. त्यानंतर सात वर्षांनी 'दशावतार' आली. उसना अंधार सोडून घरच्या माजघरात हात घालण्याचा हा प्रयत्न आहे, आणि मला त्याचे मोल वाटते ते यासाठी.

आता रचना कशी ते पाहू. गिटारी खालच्या सुरात, विकृत केलेल्या ध्वनीने वाजतात. त्यांच्या खाली दोन्ही पायांनी चालणारा ढोल. मधूनमधून तबल्याचे आणि सतारीचे सूर येतात. मखिजा दोन आवाजांत गातो. एक आपल्याला ओळखीचा, सुरेल. दुसरा घोगरा, गुरगुरता. हा दुसरा आवाज म्हणजे नुसते ओरडणे, असा समज आहे. तसे असते तर दुसऱ्या गीतालाच घसा बसला असता. तो पोटातून श्वास रेटून, स्वररज्जूंच्या वरच्या पडद्यांना कंप देऊन काढावा लागतो आणि त्याला रियाज लागतो. एकाच गीतात हे दोन आवाज आळीपाळीने आले की कथेला आपोआप दोन पात्रे मिळतात. कीर्तनकार एकटाच उभा राहून हिरण्यकशिपूही होतो आणि प्रल्हादही, तसे काहीसे.

कोकणातील दशावतारी नाटक ज्यांनी रात्रभर जागून पाहिले आहे त्यांना तर हे लगेच पटेल. त्याच्या पूर्वरंगात काळ्या वेषातला संकासुर येतो, नाचतो, चेष्टामस्करी करतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. पुढे मुख्य कथेत राक्षसाचा प्रवेश होतो तो आरोळी ठोकत, मृदंग आणि झांजेच्या कल्लोळात. देवाची कथा हळू आवाजात सांगावी हा संकेत दिवाणखान्यातला आहे, देवळाच्या पटांगणातला नव्हे. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबागेत कुस्तीला रंग चढतो तो हलगीने. हलगीला कोणी गोंगाट म्हटल्याचे आमच्या पेठेत तरी ऐकिवात नाही.

या ध्वनिमुद्रिकेचे आमच्या घरी झालेले स्वागत येथे नोंदवण्यासारखे आहे. आमचे आबा वारकरी. पंढरीची वारी सहसा चुकवत नाहीत. चौथे गीत चालू असताना ते माजघरातून बाहेर आले.

"आरं, ह्यो कोण बोंबलतोय?"

"नरसिंह हाय, आबा."

आबांनी क्षणभर कान दिला. "मग बरोबर हाय. खांब फोडून आल्याला देव काय भूपाळी म्हणणार व्हय?"

मेटलच्या बाजूने इतका नेमका युक्तिवाद मी कोणत्याही इंग्रजी मासिकात वाचलेला नाही. पण आबा तेवढ्यावर थांबले नाहीत. खाली बसून त्यांनी दहाही नावे विचारून घेतली आणि नवव्यापाशी अडले. "बुद्ध? आनी माझा पांडुरंग कुठं गेला?"

या प्रश्नाला इतिहास आहे. नवव्या जागेवर कोण, याचे उत्तर आपल्या परंपरेत एकच एक नाही. बाराव्या शतकातील जयदेवाने 'गीतगोविंदा'त दहा अवतार गायिले; त्यात आठवा कृष्ण नसून हलधर बलराम आहे आणि नववा बुद्ध आहे. महाराष्ट्रात विठ्ठलालाच बौद्ध अवतार मानण्याची रूढी संतांच्या काळापासून दिसते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात तिचा मागोवा घेतला आहे. म्हणजे आबांची तक्रार निराधार नव्हती. ध्वनिमुद्रिकेत मात्र आठवा कृष्ण, नववा बुद्ध, ही आज सर्वत्र रूढ झालेली यादी जशीच्या तशी उचलली आहे.

दुसरी हरकत माझ्या वर्गातील एका मैत्रिणीची, आणि ती अधिक गंभीर आहे. ती बौद्ध कुटुंबातील. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांतील एक, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे आपण मानणार नाही, अशी आहे. ज्यांच्या घरी ही प्रतिज्ञा पाळली जाते त्यांना नववे गीत म्हणजे केवळ एक सुरावट कशी वाटेल? "बाकी नऊ मी आवडीने ऐकते," ती म्हणाली, "पण नववं लागलं की वाटतं, आम्ही ज्या घरातून बाहेर पडलो तिथंच कोणी ओढून परत नेतंय." परदेशी श्रोत्याला ही ठेच लागणार नाही, कारण त्याच्यासाठी मत्स्यही नवा आणि बुद्धही पुराणातलाच.

माझ्या मते या ध्वनिमुद्रिकेचे खरे उणे येथेच आहे. प्रत्येक गीताच्या नावापुढे इंग्रजीत खुलासा जोडला आहे : मासा, कासव, वराह, वामनापुढे 'बुटका', परशुरामापुढे 'परशुधारी'. खुलासा कोणासाठी, हे उघड आहे. जो बाहेरच्याला कथा सांगत असतो तो तिच्यातील भांडणे सांगत नाही. सरळ, एकसंध कथा सांगतो. मराठी श्रोत्यासाठी कोणी दशावतारावर मेटल रचले असते, तर नवव्या जागेवर त्याला थबकावेच लागले असते. शिवाय मेटलला युद्ध मानवते. वराह, नरसिंह, परशुराम, कल्की हे त्याचे हक्काचे नायक. शस्त्र न धरणाऱ्या बुद्धाचे या वाद्यमेळात काय करायचे, हा संगीताचाही प्रश्न आहे. शब्द आणि वाद्ये यांच्यात तेथे मला अंतर जाणवते; मैत्रिणीचे म्हणणे ऐकल्यावर ते अधिकच जाणवू लागले.

तरीही ऐकायचीच झाली, तर एका बैठकीत दहाही गीते ऐकू नयेत. कान थकतो आणि सगळे सारखेच वाटू लागते. प्रथम नरसिंह लावावा. गीताचे इंग्रजी शब्द समोर ठेवावेत, कारण गुरगुरत्या आवाजातील शब्द पहिल्यांदा कोणालाच लागत नाहीत, मलाही लागले नव्हते. मग वराह, मग मत्स्य. आवाज थोडा मोठाच ठेवावा. बारीक आवाजात हे संगीत केवळ कटकट वाटते. शेजाऱ्यांची मर्जी आधी सांभाळलेली बरी. आणि नवव्या गीताला कोणी उठून बाहेर गेले, तर का गेले ते त्याला जरूर विचारावे.