आग लावून शिकवणारे

सप्टेंबर २००१. न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिल या छोट्या गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला सरावासाठी एक रिकामं घर मिळालं होतं. काही जणांनी वरच्या मजल्यावर ‘अडकलेली माणसं’ म्हणून पडून राहायचं आणि बाकीच्यांनी आत शिरून त्यांना शोधायचं, असं ठरलं. वर पडून राहिलेल्यांत १९ वर्षांचा एक मुलगा होता. दलात येऊन त्याला जेमतेम काही आठवडे झाले होते. तळमजल्यावरच्या सोफ्याच्या फोमने पेट घेतला, जिन्याचं धुराडं झालं आणि तो मुलगा वरच मेला. सराव घेणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालला आणि निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत झाल्याबद्दल तो दोषी ठरला.

सरावाच्या आगीत जिवंत माणसाला ‘बळी’ म्हणून ठेवायचं नाही, हा नियम तेव्हा छापलेला होता. तोही आपोआप आला नव्हता. १९८२ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे सरावातच दोन जवान गेले आणि त्यानंतर चार वर्षांनी, १९८६ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने खऱ्या आगीच्या प्रशिक्षणासाठी ‘१४०३’ हे मानक काढलं. म्हणजे धडा मिळाला होता, लिहूनही झाला होता. तो छापील पानावरून गावच्या दलात शिकवणाऱ्या माणसापर्यंत नेऊन पोचवणं हे मात्र वेगळं काम आहे. अग्निशमन प्रशिक्षकांच्या प्रादेशिक संघटना करतात ते मुख्यतः हेच.

अशा संघटनांची गरज अमेरिकेला इतकी का पडली, हे तिथली रचना पाहिल्यावर कळतं. त्या देशात अग्निशमन दलं सुमारे २९ हजार आहेत. न्यूयॉर्क किंवा शिकागोसारखी मोठी, पगारी दलं त्यांत थोडी. एकूण जवानांपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास स्वयंसेवक: दिवसा कोणी शेतकरी, कोणी गॅरेजवाला, कोणी शाळामास्तर, आणि वर्दी आली की बंबावर. त्यांना शिकवायला वरून कोणी येत नाही. गावातलाच एखादा जुना, चार आगी पाहिलेला माणूस शिकवतो आणि स्वतः जे शिकला तेच पुढे देतो, चुकांसकट. मग दोन-चार जिल्ह्यांतले, फार तर एखाद्या राज्यातले असे शिकवणारे एकत्र येऊ लागले. प्रशिक्षकांची आंतरराष्ट्रीय संस्था १९६० मध्ये स्थापन झाली. प्रशिक्षकांचा मोठा वार्षिक मेळावा इंडियानापोलिस शहरात भरतो. तरी खरा व्यवहार चालतो तो खालच्या, प्रादेशिक पातळीवर. पाठांची टाचणं एकमेकांना द्यायची, एका दलाकडे धुराची खोली असेल तर शेजारच्या पाच दलांनी ती वापरायची, नव्या प्रशिक्षकाने वर्ग घेताना जुन्यांनी मागे बसून ऐकायचं आणि नंतर त्याची खरडपट्टी काढायची. कुठे सरावात कोणी होरपळलं तर का होरपळलं, हे लपवून न ठेवता पुढच्या बैठकीत मांडायचं. या शेवटच्या कामासाठी विश्वास लागतो. तो फर्मान काढून येत नाही, वर्षानुवर्षं एकाच टेबलावर चहा घेतल्यावर येतो.

सरावासाठी आग लावणं म्हणजे रॉकेल ओतून काडी टाकणं नव्हे. ‘१४०३’ प्रमाणे चालणाऱ्या सरावाचा दिवस पाहिला तर त्यातला बराचसा वेळ आग न लावण्यातच जातो. आधी सगळ्यांना इमारत कोरडी फिरवून दाखवतात: दारं कुठे, खिडक्या कुठे, पळायची वाट कोणती. जळण म्हणून लाकडी पॅलेट आणि गवत चालतं. टायर, डिझेल, फोमच्या गाद्या चालत नाहीत, कारण सरावाच्या आगीची वाढ आधी सांगता आली पाहिजे. पाण्याच्या दोन वेगवेगळ्या सोयी लागतात: एक आत शिरणाऱ्यांच्या होजसाठी, दुसरी त्यांच्या मागे राखीव उभ्या असलेल्या होजसाठी, म्हणजे एक पंप बंद पडला तरी आतले कोरडे राहत नाहीत. पाच प्रशिक्षणार्थींमागे किमान एक प्रशिक्षक. शिवाय एक सुरक्षा अधिकारी, ज्याच्याकडे शिकवण्याचं काम अजिबात नसतं. त्याला एकच अधिकार असतो: काही खटकलं की कोणालाही न विचारता सराव थांबवायचा. मला या सगळ्या मानकातलं हे कलम सर्वांत शहाणपणाचं वाटतं. शिकवण्याच्या भरात माणूस थांबत नाही, म्हणून थांबवणारा वेगळा ठेवला आहे.

प्रशिक्षकाच्या शरीराची गोष्ट तशी कमी बोलली जाते. प्रशिक्षणार्थी त्या दिवशी आगीत एकदा, फार तर दोनदा जातो. प्रशिक्षक प्रत्येक तुकडीबरोबर जातो. आठवडाभर जातो, वर्षानुवर्षं जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामाला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग निश्चित घडवणाऱ्या गोष्टींत, घातलं. काजळीने माखलेला कोट म्हणजे शौर्याची खूण, ही जुनी समजूत प्रशिक्षकांनाच मोडून काढावी लागते आहे: सराव संपला की कोट तिथेच धुवायचा, तो गाडीच्या केबिनमध्ये न्यायचा नाही, त्याच हातांनी डबा उघडायचा नाही. पंचवीस वर्षं काजळी मिरवलेल्या माणसाने हे नव्या पोरांना सांगणं सोपं नाही.

आगही बदलली. घरातलं सामान लाकूड, कापूस, काथ्याचं होतं तेव्हा खोली सगळी एकदम भडकायला वेळ लागे. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीजने दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून पाहिल्या: जुन्या, नैसर्गिक साहित्याची खोली एकदम भडकायला अर्ध्या तासाच्या जवळपास वेळ लागला, तर आजच्या फोम आणि प्लास्टिकच्या सामानाची खोली साडेतीन-चार मिनिटांतच गेली. दाराशी उभं राहून हवा आत सोडावी की रोखावी, यावर आतल्या माणसाचं जगणं अवलंबून आहे, हे त्यामुळे नव्याने शिकवावं लागलं. त्याआधी, १९८० च्या दशकात, स्वीडनमधल्या क्रिस्टर गिसेल्सन आणि मॅट्स रोसांडर या अभियंत्यांनी धुरातले वायू कसे पेटतात यावर बारकाईने काम केलं आणि तिथे जहाजी कंटेनरमध्ये सराव सुरू झाले. कंटेनरच्या एका टोकाला भुशाच्या दाबीव फळ्या पेटवतात, प्रशिक्षणार्थी दुसऱ्या टोकाला जमिनीलगत बसतात आणि डोक्यावर तरंगणाऱ्या धुरात ज्वाळांच्या जिभा कशा पळतात ते पाहतात. मग प्रशिक्षक ब्रांचमधून, म्हणजे होजच्या तोटीतून, पाण्याचा फवारा क्षणभर वर सोडतो, लगेच बंद करतो आणि जीभ आत ओढली जाते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस धुराला ‘नुसता धूर’ म्हणत नाही. आज ही पद्धत जगभर पोचली आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती एका प्रशिक्षकाने दुसऱ्याला दाखवूनच पोचली.

श्वसनयंत्राचा हिशेबही असाच एका अपघातातून आला. जानेवारी १९५८ मध्ये लंडनच्या स्मिथफिल्ड मांसबाजाराच्या तळघरात आग लागली. खाली भुयारांचं जाळं, धूर दाट, आणि कोण केव्हा आत गेला याची काटेकोर नोंद नाही. दोन जवान परतले नाहीत. त्यानंतर ब्रिटनमध्ये प्रत्येक यंत्राला बिल्ला आणि दाराशी फळा ही व्यवस्था पक्की झाली. आत जाणारा आपला बिल्ला फळ्यावर लावतो. त्यावर नाव, आत गेल्याची वेळ, सिलिंडरमधला दाब. हिशेब शाळेतल्या पोराला जमेल असा आहे. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाने भरला की हवा साधारण १८०० लिटर. काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर घेतो असं धरलं तर ४५ मिनिटं. त्यातली १० राखून ठेवायची. राहिली ३५. घाबरलेला, जिना चढणारा, माणूस ओढणारा जवान याहून कितीतरी जास्त हवा खातो. म्हणून अनुभवी प्रशिक्षक पोरांना ते ३५ विश्वासाने घेऊ देत नाहीत. डोळ्यांवर पट्टी बांधून, गुडघ्यांवर रांगत, भिंतीवरचा हात न काढता त्यांना अंधाऱ्या खोलीतून नेतात आणि बाहेर आल्यावर दाब वाचायला लावतात. आकडा पाहून पोरं गप्प होतात.

आता आपल्याकडे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. जवान पाण्याचा मारा करत होते आणि चारच्या सुमारास जहाज फुटलं, अर्ध्या तासाने पुन्हा फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. देशभर अग्निशमन सप्ताह याच तारखेपासून पाळतात. भाषणं होतात, हार घालतात. पण त्या दुपारचा धडा, म्हणजे आगीत काय साठवलं आहे हे कळेपर्यंत माणसं किती जवळ न्यायची, तो भाषणात शिकवता येत नाही. तो शिकवायला मैदान लागतं.

ते मैदान नागपुरात आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या या संस्थेत सब-ऑफिसरपासून विभागीय अधिकाऱ्यापर्यंतचे अभ्यासक्रम चालतात. त्यातल्या एकाचं नाव ‘स्टेशन ऑफिसर आणि इन्स्ट्रक्टर’ असं जोडनाव आहे. केंद्र सांभाळणारा अधिकारी तिथून शिकवणाराही होऊन बाहेर पडतो. राज्याचं प्रशिक्षण केंद्र मुंबईत कलिन्याला आहे. सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम तिथे चालतो.

होज कवायत पाहायला गेलं तर पहिल्या दहा मिनिटांत काहीच घडत नाही असं वाटतं. ६३ मिलिमीटर व्यासाची, १५ मीटर लांबीची होज गुंडाळीतून फेकायची, कपलिंग जोडायचं, ब्रांच लावायची, ‘वॉटर ऑन’ ची आरोळी द्यायची. पाणी येताच मऊ कापडी पट्टी खांबासारखी ताठ होते. त्या एका लांबीत जवळपास ४७ लिटर पाणी मावतं, म्हणजे जिन्यावरून ओढायचं ते नुसत्या पाण्याचं ४७ किलो वजन, होजचं वेगळं. कपलिंग नीट न बसता पाणी सोडलं तर ते सुटून पायावर फटका बसतो. प्रत्येकाला क्रमांक असतो आणि क्रमांकाचं काम ठरलेलं असतं. एकाने दुसऱ्याचं काम केलं की उस्ताद सगळ्यांना सुरुवातीपासून लावतात. पोरं कुरकुरतात. ‘नॉक ऑफ, मेक अप’, म्हणजे पाणी बंद करून सामान आवरा, असा हुकूम झाल्यावर होज खांद्यावर घेऊन टोकापासून टोकापर्यंत चालत पाणी काढायचं, तेव्हा पुन्हा कुरकुर.

ही कवायत आपण इंग्रजांकडून घेतली आणि ती चांगली आहे. पण इंग्रजांच्या पुस्तकात काळबादेवी नाही. मे २०१५ मध्ये तिथली जुनी ‘गोकुळ’ इमारत आगीत कोसळली आणि मुंबईचे तेव्हाचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार वरिष्ठ अधिकारी गेले. लाकडी तुळया, त्यावर मजल्यावर मजला वाढवलेला, तळाला दुकानं. अशी इमारत आगीच्या कोणत्या टप्प्यावर सोडायची? हे जाणणारी माणसं मुंबई दलाच्या भायखळ्यातल्या मुख्यालयात आहेत, पुण्याच्या पेठांत बंब घालणाऱ्यांत आहेत, भिवंडीच्या गोदामांत रात्र काढलेल्यांत आहेत. मात्र ती एकमेकांना फारशी भेटत नाहीत.

कारण आपल्याकडेही दलं तुकड्यातुकड्यांची आहेत. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन सेवा नगरपालिकांकडे दिली. प्रत्येक महापालिकेचं दल वेगळं, नगर परिषदांचं वेगळं, एमआयडीसीचं वेगळं, सिडकोचं वेगळं. विमानतळ आणि बंदरांचं आणखी वेगळं. महाराष्ट्राने २००६ मध्ये आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम केला, तो २००८ मध्ये लागू झाला, राज्याला संचालनालयही आहे. ही सगळी वरून खाली येणारी रचना. आडवी, म्हणजे सांगलीच्या प्रशिक्षकाने इचलकरंजीच्या प्रशिक्षकाशी वर्षातून दोनदा बसून सूतगिरणीतल्या आगीबद्दल बोलावं, अशी सवय पडायला हवी. तिला इमारत लागत नाही, निधीही फार लागत नाही. लागतो तो एवढा मोठेपणा, की आपल्या केंद्रावर झालेली चूक दुसऱ्या केंद्राच्या माणसांसमोर सांगता यावी. आपल्याकडे चूक झाली की पहिली हालचाल चौकशी समितीची होते, आणि समितीचा अहवाल कवायतीच्या मैदानापर्यंत येत नाही.

प्रशिक्षण केंद्रावरची नेमणूक ही बाजूला टाकल्याची नेमणूक मानण्याची रीतही मोडली पाहिजे. लोकांच्या डोळ्यांसमोर आग विझवणाऱ्याचं नाव होतं. त्याला शिकवणाऱ्याचं होत नाही. परदेशी संघटनांनी यावर साधा उपाय काढला: वर्षातल्या उत्तम प्रशिक्षकाला पुरस्कार देतात आणि तो शिकवणाऱ्यांच्याच मेळाव्यात देतात. पुढाऱ्याच्या हस्ते शाल-श्रीफळ मिळण्यापेक्षा बरोबरीच्यांनी दिलेली पाठीवरची थाप या लोकांना अधिक हवी असते.

पहिल्या बैठकीला विषय शोधावा लागणार नाही. रात्री सोसायटीच्या जिन्याखाली विजेवरची स्कूटर चार्जिंगला लावलेली असते. तिची लिथियम-आयन बॅटरी पेटली की ज्वाळा दिसेनाशा झाल्या तरी आतल्या सेल तापत राहतात आणि काही तासांनी पुन्हा पेट घेऊ शकतात. थंड करायला पाणीही भरपूर लागतं. जिना तोच, वरच्या माणसांची उतरायची वाटही तीच. आधी पाणी मारायचं की आधी जिना रिकामा करायचा, स्कूटर बाहेर ओढायची तर कोणी आणि कशाने, आणि विझल्यावर ती कुठे, कोणाच्या नजरेखाली ठेवायची, हे जुन्या कवायतीच्या पुस्तकात नाही. ज्या केंद्राने अशा दोन-तीन वर्द्या घेतल्या असतील, त्याच्या सब-ऑफिसरने फळ्याशी उभं राहून इतरांना ते सांगावं.